पंखावरची पायरी

ठाणं हे काही प्रवासवर्णन लिहिण्यासारखं गाव नाही, असं माझ्या बहिणीचं मत आहे. "तिथं पाहायला काय असतं? पूल आणि बिल्डिंगा," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की मी पाहायला चाललेच नाही, एक पडलेलं विमान तपासायला चालले आहे. मग तिने डब्यात चिवडा भरायला घेतला.

माझा सगळा जन्म नागपुरात लहान विमानांच्या दुरुस्तीत गेला. दोन माणसं बसतील एवढी विमानं, ज्यांना विमान म्हणायला परकी माणसं जरा कचरतात. माझं काम थोडक्यात सांगायचं तर 'हे आज उडणार नाही' असं लोकांना तोंडावर सांगणं. निवृत्त झाल्यावर ती सवय घरच्यांच्या वाट्याला आली, त्यामुळे मी चार दिवस ठाण्याला जाते म्हटल्यावर कोणी फारसं अडवलं नाही.

बोलावणं रेवतीचं होतं. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. तिचा नवरा महेश गेल्या उन्हाळ्यात खडवलीजवळ, एका शेतातल्या धावपट्टीवर उतरता उतरता विमानासकट पडून गेला होता. कुणीतरी तिला माझा नंबर दिला. फोनवर ती फार शांत बोलली, आणि तेच मला बोचलं. "चौकशीवाले म्हणतात, पायलटने वेग फार कमी केला. म्हणजे त्याची चूक. तुम्ही पंख बघा आणि मला सांगा, खरंच त्याची चूक होती का?"

हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळ बायकांनी, आयांनी विचारला आहे. उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. तेच उत्तर घेऊन मी निघाले, खोटं कशाला सांगू.

वर्तकनगर

रेवतीचं घर जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. ठाण्यातली माणसं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, ट्रॅफिकमध्ये सांगतात. स्टेशनवरून तिचं घर "ट्रॅफिक नसेल तर जवळ" होतं. ट्रॅफिक होता. पोचले तेव्हा ताटं वाढून ठेवलेली होती.

वरणभात, तोंडलीची भाजी, तळलेली मिरची. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वरण खारट झालंय."

आमच्याकडे हे चालतं. नागपुरात पाहुणा असं बोलला तर यजमानीण म्हणते, मग पाणी पी. इथे रेवतीचा हात थांबला. तिने वरणाची चव घेतली, चमचा खाली ठेवला आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"खरंच खारट आहे हो. माझ्या हाताला मीठ जास्तच पडत असणार. पण लग्न झाल्यापासून महेश एका शब्दाने बोलला नाही."

"चांगला नवरा होता मग."

"तो कुणालाच कधी बोलायचा नाही. रिक्षावाला चुकीच्या रस्त्याने घेऊन चालला तरी गप्प. मी चिडले की म्हणायचा, जाऊ दे गं, पोचू की. माणूस दुखावला जातो."

मला असली माणसं आवडत नाहीत. आता जो गेला त्याच्याबद्दल तिच्यासमोर असं कसं म्हणणार, म्हणून मी मुकाट्याने भात कालवला.

जेवण झाल्यावर तिने खरी गोष्ट सांगितली. महेश होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने आणि डोंबिवलीच्या प्रसाद नावाच्या मित्राने मिळून दोन सारखी विमानं घेतली होती. एक पडलं. दुसरं खडवलीला पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. पाऊस संपून पट्टी वाळली होती, आणि येत्या रविवारी प्रसाद ते उडवणार होता.

"मी शेजारी बसणार आहे," रेवती म्हणाली. "तो पडला ती जागा मला वरून बघायची आहे. का ते विचारू नका."

"दोन्हींचे पंख सारखेच?"

"सारखेच. दोन्हींना हिराजीदादांनी फायबर लावलंय. कोळीवाड्यात होड्या बनवतात ते."

आंबिवली

मोडलेलं विमान आंबिवलीला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामात ठेवलं होतं. प्रसाद गाडी घेऊन आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. कल्याणच्या पुलावर गाड्या अडकल्या तेवढ्या वेळात त्याने मला सगळी पट्टी हवेत बोटाने काढून दाखवली.

"मॅडम, इकडून भातसा नदी, तिकडून हाय टेन्शनच्या वायरी. मध्ये पट्टी एवढीशी. फास्ट आलात तर सरळ नदीत. म्हणून आपल्याला स्लो यायला लागतं. एकदम स्लो. तर महेश बोलला, आपण पंख बदलू."

विमान हळू उडवणं हे वेगाने उडवण्यापेक्षा कठीण. वेग कमी झाला की एका क्षणी हवा पंखाला सोडून देते आणि पंख पंख राहत नाही, नुसता पत्रा उरतो. तो क्षण पुढे ढकलायचा एक चांगला उपाय आहे. पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाकडच्या अर्ध्या भागात, खाली झुकलेला एक ओठ बसवतात. महेशने तोच उपाय निवडला होता, आणि ते ओठ फायबरचे बनवून घेतले होते. इथपर्यंत मला त्याचं कौतुकच वाटलं.

पण त्या ओठाची एक खोड आहे. पंखाच्या मध्यावर तो जिथे सुरू होतो, तिथे हळूहळू चढत आणायचा नसतो. एकदम कापल्यासारखा सोडायचा, बोटाला टोचेल अशी पायरी ठेवून. दिसायला ओंगळ दिसते. पण ती पायरी हवेत एक भोवरा उठवते आणि तो भोवरा बांधासारखा आडवा पडतो. हवा सुटायला लागली की आधी आतल्या भागावर सुटते, विमान थरथरून पायलटला सावध करतं, आणि टोकं धरून राहतात. सगळी किमया ओठाची नाही, पायरीची आहे.

गोदामात उंदरांचा वास होता. प्रसादने दार ढकललं आणि तो बाहेरच थांबला. "तुम्ही बघा मॅडम. मी नाय येत आत."

डावा पंख दुमडला होता. उजवा बराचसा शाबूत होता. मी टोकापासून हात फिरवत आले. काम असं सुंदर होतं की मला माझ्या सगळ्या जुन्या मेकॅनिकांची लाज वाटली. पांढराशुभ्र, आरशासारखा ओठ. हात मध्यापर्यंत आला, मध्य ओलांडून पुढे गेला, आणि विमानाच्या अंगाला लागला. कुठेही अडला नाही.

मी परत उलटा हात फिरवला. मग डाव्या पंखाकडे गेले. तिथे घाईत मोडक्या फायबरने बोट चांगलंच कापलं. तिथेही पायरी नव्हती. ओठ आतल्या बाजूला लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरत भरत, घासत घासत पंखात असा विरवून टाकला होता की कुठे सुरू झाला ते कळू नये.

"प्रसाद," मी ओरडले, "पायरी कुठे आहे?"

"कसली पायरी?" तो दारातून म्हणाला. "मॅडम, रक्त! चला आधी, टिटॅनस घेऊन टाका."

डोंबिवलीत एका डॉक्टरांकडे इंजेक्शन घेतलं. प्रसादला पायरीबद्दल काहीच माहीत नव्हतं. डिझाइनचं सगळं महेश बघायचा, हा फक्त उडवायचा. आणि गंमत पाहा, पंख बदलल्यावर विमान खरंच आणखी हळू उडत होतं. त्यांनी उंचावर जाऊन, सरळ रेषेत, वेग कमी करून पाहिला होता. झकास. पायरी नसलेला पंख शेवटपर्यंत सगळीकडे हवा धरून ठेवतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मग उतरताना वळण घेतलं, की आतल्या बाजूचा पंख सगळाच्या सगळा एका दमात सोडतो. थरथर नाही, सूचना नाही. खाली जमीन असते.

"प्रसाद, दुसरं विमान उडणार नाही," मी म्हटलं.

तो दवाखान्याच्या पायऱ्यांवरच थांबला. "मी त्याच्यानंतर दोनदा उडवलंय ते," तो म्हणाला. "पावसाच्या आधी." मग त्याने रिक्षास्टँडजवळच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि स्वतःचा प्यायलाच नाही.

कोळीवाडा

हिराजीदादांकडे मी एकटीच गेले. रेवतीला सांगण्याआधी मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की महेशने त्यांना पायरी करायला सांगितली होती की तोच विसरला होता.

ठाण्याच्या खाडीकाठचा कोळीवाडा उंच इमारतींच्या सावलीत बसला आहे. दुपारी तिथे ऊन वरून येत नाही, काचांवरून येतं. खाडीचा वास, सुकत घातलेली जाळी, आणि एका छपराखाली उपडी ठेवलेली अर्धवट फायबरची होडी. तिच्याशेजारी हिराजीदादा बसले होते. सत्तरीचे, काळेसावळे, हात कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेले.

"तू नागपूरशी आली का, बाय? आदी जेव. मंग इचार."

त्यांच्या बायकोने, सोनाबायने, तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. आमच्या नागपुरात मासा बर्फातून येतो, त्याला मासा म्हणणं म्हणजे माशाचा अपमान आहे हे मला त्या दिवशी कळलं. कालवण इतकं चांगलं होतं की मला राग आला. ज्या घरात असं जेवावं तिथे जे विचारायचं ते विचारू नये.

महेशचं नाव निघाल्यावर सोनाबाय आत गेली. दादा बोलत राहिले. महेश त्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला यायचा. याच छपराखाली जेवायचा.

"पंखाचं काम तुमचंच?"

"माजंच. दोन्ही इमानांचं. दुसऱ्या कोनाचा हात नाय लागला त्याला."

"दादा, मध्ये एक पायरी ठेवायची होती. महेश बोलला होता का?"

"बोल्लेला की. हितं अशी काप ठेवा, दादा. मी ठेवलेली पन." ते उठले आणि उपड्या होडीपाशी गेले. "पन बाय, आमची एक रीत हाय. माज्या बापसाची. होरी पान्यान जायच्या आदी, जेनी बनवली त्यानं डोले मिटून सगल्या अंगावरनं हात फिरवायचा. जितं हात अडला, तितं पानी अडनार. तितं घासायचं. हात अडायचा बंद होत नाय तवर होरी सोडायची नाय. मानसं जातान तिच्यान."

त्यांनी डोळे मिटले आणि होडीच्या पाठीवर तळवा फिरवून दाखवला. तळव्याखाली नुसता खसखस आवाज येत होता.

"पंखावरनं फिरवला, तर त्या कापेवर हात अडला. मना वाटलं, पोरगा घाईत बोल्ला असंल, माजी मेहनत वाचवाया. आपला पोर वरती जानार, तितं मी कसं खरबरीत ठेवू? लांबी भरली, घासली. त्याला सांगलं नाय. बोल्लो, बगंल तवा खूश होईल."

"मग बघितलं त्याने?"

"बगितलं ना. हात फिरवलान. मधी थांबला. परत फिरवलान." दादांनी डोळे उघडले. "माज्याकडं बगितलान नि हसला. बोल्ला, दादा, लोन्यासारका झालाय. र्‍हाऊ दे असाच."

मी खाली पाहत राहिले. तर महेशला कळलं होतं. त्याचा हात मध्ये थांबला होता. समोर हा म्हातारा उभा, एवढं केल्याच्या आनंदात, आणि याला 'हे फोडा' म्हणायचं महेशच्या जिभेवर आलं नाही. मग त्याने उंचावर जाऊन पाहिलं, विमान छान हळू उडालं, आणि त्याने स्वतःची समजूत घातली असणार. जाऊ दे, पोचू की.

मला त्याचा इतका संताप आला की कालवणाचं ताट समोर नसतं तर मी काहीतरी फेकलं असतं. भिडेखातर माणसं नको ती लग्नं करतात, नको तिथे सही करतात. हा भिडेखातर मेला.

"बाय," हिराजीदादा म्हणाले, "तू इतक्या लांबशी पायरीचं इचाराया आली. माज्या हातानं झालं का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

मी निघताना ठरवून आले होते की म्हाताऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. रविवारचं उड्डाण थांबवायला त्याची गरज नव्हती. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडात 'नाही' तयारही झालं होतं. पण ते तोंडाशी आलं आणि माझ्या लक्षात आलं की हे बोलणं महेशचं आहे. आज छपराखाली होडी होती, उद्या कुणीतरी तिसऱ्या विमानाचे पंख घेऊन येईल, आणि हे तितक्याच मायेने ते घासून काढतील.

"हो दादा," मी म्हटलं. "तुमच्या हातानं झालं. आणि त्याच्या न बोलण्यानं झालं. दोन्हीनं."

ते होडीला टेकून खाली बसले. सोनाबाय दारात आली, माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी पुन्हा त्या घरी जेवायला जाऊ शकणार नाही, आणि मग तिने नवऱ्याच्या हातावरची पांढरी भुकटी पदराने पुसायला सुरुवात केली. भुकटी निघत नव्हती.

त्याच संध्याकाळी रेवतीलाही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती हिराजीदादांवर तरी चिडेल.

"म्हणजे वरणासारखंच," ती म्हणाली. आणि तिने विचारलं, "मग चूक त्याचीच ना?"

"हो."

"चौकशीवाल्यांनी सांगितलं ती नाही."

"ती नाही. पण त्याचीच."

ती ओट्यापाशी गेली आणि तिने मिठाची बरणी उघडून पुन्हा बंद केली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण मला ते जमत नाही, म्हणून मी ताटं घेतली.

खडवली

रविवारी आम्ही सगळे खडवलीला गेलो, उडायला नव्हे. ओठ काढून टाकायचे होते. मी सांगितलं होतं की पायरी पुन्हा कापून भागणार नाही. आतलं काम कसं झालंय ते मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही त्याला मी हो म्हणत नाही. ओठच उतरवायचे. म्हणजे विमान पूर्वीसारखं होईल, आणि पूर्वीसारखं झालं की ते या आखूड पट्टीवर उतरू शकणार नाही. थोडक्यात, खडवलीचं उडणं संपलं. प्रसादने वाद घातला नाही. "कंटेनरवर टाकून नेऊ कुठेतरी," एवढंच म्हणाला.

भात कापून झाला होता. खुंटांमधून बगळे फिरत होते, नदीकडून गार वारा येत होता आणि पूर्वेला डोंगरांची निळी रेघ स्वच्छ दिसत होती. पट्टीच्या त्या टोकाला, वायरींच्या अलीकडे, एका जागी गवत नवं आणि जास्त हिरवं उगवलेलं होतं. रेवती तिथे जाऊन उभी राहिली आणि परत आली. वरून बघायचं होतं ते तिने खालूनच पाहिलं.

हिराजीदादा आमच्या आधी येऊन बसले होते. कोणी बोलावलं नव्हतं. प्रसादने फोनवर नुसतं सांगितलं होतं की ओठ काढतोय. "माजं काम हाय, दुसऱ्या कोनी फोडू नका," म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी आणि प्रसादने रिव्हेट उडवले. दादांनी पटाशी घेतली. आधी त्यांनी डोळे मिटले आणि टोकापासून आतपर्यंत एकदा हात फिरवला. अडला नाही. मग पटाशी घातली. फायबर सुटताना झाडाची फांदी मोडल्यासारखा आवाज होतो. एकेक तुकडा काढून ते गवतावर ओळीने ठेवत होते, सांभाळून, जणू परत बसवायचे आहेत. दोन्ही पंख मोकळे व्हायला दुपार झाली. रेवतीने डबा आणला होता, पण तो कोणी उघडला नाही.

पंखाच्या पुढच्या कडेला आता जुना पत्रा दिसत होता, त्यावर वाळलेल्या चिकटाचे खवले. ते घासून काढावेच लागतात. खवल्यांवर हवा अडते. दादांनी सवयीने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, पत्र्यावर टेकवला, आणि हात तसाच थांबला.

पन्नास वर्षं या माणसाने कुठे घासायचं ते कुणाला विचारलं नसेल. ते वळले. माझ्याकडे नाही, रेवतीकडे.

"पोरी," ते म्हणाले, "हितं घासू का नको?"

रेवती पुढे आली. तिने खवल्यांवरून बोट फिरवलं. मी तोंड उघडलं होतं, तिने मला हाताने थांबवलं.

"घासा, दादा," ती म्हणाली. "मी इथेच उभी आहे. चुकलं तर बोलेन."

ते घासायला लागले. ती सगळा वेळ त्यांच्या शेजारी उभी होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "इथे जास्त होतंय," आणि त्यांनी हात उचलला.